अमेरिकेची अटीतटीची निवडणूक आणि पोलचे आकडे: कोल्हापुरात बसून ते कसे वाचायचे

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की कोल्हापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही आकडे फिरायला लागतात. कुणाचा पोरगा डॅलसला, कुणाची लेक न्यू जर्सीत. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काहींच्या फाउंड्रीचं कास्टिंग तिकडं जाणारं. व्हिसाचा आणि आयातशुल्काचा निर्णय तिकडं होणार म्हटल्यावर उत्सुकता असणारच. मग कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं, ‘अमका दोन टक्क्यांनी पुढे’, आणि त्यावर दिवसभर वाद चालतो. पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. हे आकडे पहिल्यांदाच नीट वाचू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. लढत चुरशीची असेल तर पोल ‘चुरशीची आहे’ एवढंच खात्रीनं सांगतो. त्यात जिंकणार कोण, हे सांगण्याची ताकद त्याच्यात नसते. तरीही पोल टाकाऊ नाही. त्याला कुठला प्रश्न विचारायचा हे कळलं की तो बरंच काही देतो.

आधी बघा, हातात आलंय ते नेमकं काय आहे

एकाच ग्रुपवर तीन वेगवेगळ्या गोष्टी ‘पोल’ म्हणून फिरत असतात. मतदानाआधी लोकांना ‘कुणाला मत देणार’ असं विचारतात तो ओपिनियन पोल. मत देऊन बाहेर पडलेल्याला विचारतात तो एक्झिट पोल. आणि ‘जिंकण्याची शक्यता ७० टक्के’ असं जे येतं, तो पोल नसतोच. अनेक पोल एकत्र करून गणितानं काढलेला तो अंदाज असतो. त्याच्याकडं नंतर वळू. ‘७० टक्के शक्यता’ म्हणजे ‘७० टक्के मतं’ असं वाचणारे मात्र कितीतरी भेटतात, तेवढं लक्षात ठेवा.

आपल्याकडं शेवटच्या टप्प्याचं मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला कायद्यानं बंदी आहे आणि मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत ओपिनियन पोलही दाखवता येत नाही. अमेरिकेत असा कायदा नाही. तिकडं आदल्या दिवशीपर्यंत पोल येतच राहतात, आणि शेवटच्या आठवड्यात तर पूर येतो.

देशाचा पोल बाजूला ठेवा, राज्याचा काढा

अमेरिकेचा अध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर ठरत नाही. तो ठरतो राज्याराज्याला वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर. ती एकूण ५३८ असतात, जिंकायला २७० लागतात, आणि मेन व नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर ज्याला राज्यात एक मत जास्त त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळाली आणि तरी त्या हरल्या. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही तीन राज्यं मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी त्यांच्या हातून गेली.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांची मतांची टक्केवारी जवळपास सारखी होती आणि जागा झाल्या ३० विरुद्ध १७. मतं किती पडली यापेक्षा कुठं पडली याला किंमत.

म्हणून देशाच्या पोलवरून फार तर एकूण कल बघा. डोळा ठेवायचा तो काठावरच्या राज्यांवर. २०२४ मध्ये ती सात होती: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, अॅरिझोना आणि नेवाडा. २०२८ मध्ये यादी थोडी बदलू शकते, पण पहिली तीन त्यात असतील असं धरून चाला.

‘दोन टक्क्यांनी पुढे’ याचा हिशोब स्वतः करा

कागद-पेन घ्या. समजा एका राज्यात १,००० लोकांना विचारलं. ‘अ’ला ४८ टक्के, ‘ब’ला ४६, बाकीचे अजून ठरवतायत किंवा तिसऱ्याकडं आहेत. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: चुकीची मर्यादा अधिक-उणे ३ टक्के.

बहुतेक जण म्हणतात, फरक दोनचा, मर्यादा तीनची, म्हणजे थोडं इकडंतिकडं. पण ती ३ टक्क्यांची मर्यादा एकेका उमेदवाराच्या आकड्याला लागू असते. ‘अ’ ३ नं कमी असेल तर ती मतं बहुधा ‘ब’कडंच गेलेली असणार, त्यामुळं दोघांमधल्या फरकाची मर्यादा जवळपास दुप्पट होते, म्हणजे ६ टक्के. या पोलचा खरा अर्थ असा निघतो की ‘अ’ ८ टक्क्यांनी पुढे असेल, नाहीतर ४ टक्क्यांनी मागेही असेल. या मोठ्या पट्ट्यात खरं उत्तर कुठंतरी आहे.

नवख्यांचा हमखास प्रश्न असतो, एवढ्या मोठ्या देशात हजार माणसं कशी पुरतील? पुरतात. नमुना, म्हणजे ज्यांना विचारलं ती माणसं, खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा असेल तर कोल्हापूर जिल्ह्यासाठी हजार आणि अख्ख्या अमेरिकेसाठी हजार, चूक दोन्हीकडं सारखीच. लोकसंख्या वाढली म्हणून नमुना वाढवावा लागत नाही. उलट चूक निम्मी करायची तर माणसं चौपट घ्यावी लागतात, म्हणून फार मोठे पोल परवडत नाहीत.

आता हातकणंगल्याकडं बघा. २०२४ च्या लोकसभेला धैर्यशील माने तिथं १३,४२६ मतांनी निवडून आले. मतदान ७१ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हा फरक एकूण मतांच्या साधारण एक टक्का. हजार लोकांचा कितीही प्रामाणिक पोल घेतला असता तरी तो एक टक्का त्यात दिसला नसता. विस्कॉन्सिन हे तसंच राज्य आहे. २०१६, २०२० आणि २०२४, तिन्ही वेळा तिथला निकाल एक टक्क्याच्या आत लागला.

कुणाला विचारलं, आणि कोण बोललंच नाही

इथं जरा थांबा, कारण पोल बहुतेक वेळा फसतात ते इथंच. छापलेली ३ टक्क्यांची मर्यादा धरते फक्त योगायोगाची चूक. चुकीच्याच माणसांना विचारल्यानं होणारी चूक तिच्यात नसते.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १९३६ चं. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी कार्डं पाठवली, वीस लाखांहून जास्त परत आली, आणि त्यावरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं जाहीर केलं. तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदीतून घेतलेले होते. मंदीच्या काळात ज्याच्याकडं फोन नि मोटार, तो रूझवेल्टविरोधी असण्याची शक्यता जास्त. शिवाय कार्ड परत पाठवण्याची तसदी घेणारेही चिडलेलेच जास्त. त्याच वेळी सर्वेक्षक जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितलं.

मी स्वतः मतदारांच्या सर्वेक्षणासाठी शिरोळ तालुक्यात दारोदार फिरले आहे. यादीत घर ठरलेलं असतं, घरातला माणूसही ठरलेला असतो. भर दुपारी जावं तर तो माणूस शेतात. दारात सासूबाई. “आमचं काय इचारताय ताई, मालक सांगतील ते.” मालक पारावर. तिथं दहा जण बसलेले, दहाही बोलायला तयार, आणि त्यातला एकही माझ्या यादीत नाही. शेजारचे आण्णा म्हणाले, “गावाचंच सांगतो की, घरोघरी कशाला फिरताय?” वेळ वाचवायला पारावरच्याच दहा जणांचे फॉर्म भरावेत असा मोह तिथं होतो, आणि घाईच्या सर्वेक्षणात तो आवरला जात नाही. त्याच गावात एका सुनेनं नवरा उभा असताना एक नाव घेतलं आणि मी निघाल्यावर नळावर गाठून दुसरं सांगितलं. पारावर बसायला ज्याला फुरसत आहे आणि नळावर ज्याला बोलायचंय, ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिला नमुन्यात आपोआप येतो. दुसरीला शोधावं लागतं.

अमेरिकेत पार नाही, फोन आहे, पण दुखणं तेच. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या फोन सर्वेक्षणांना १९९७ साली १०० पैकी ३६ जण प्रतिसाद द्यायचे, २०१८ मध्ये सहाच. अनोळखी नंबर आपणही उचलत नाही. जे सहा उचलतात ते उरलेल्या ९४ जणांसारखेच असतील तर काही बिघडत नाही. पण राजकारणात रस असलेला, जास्त शिकलेला आणि संस्थांवर भरवसा असलेला माणूस फोनवर बोलायला चटकन तयार होतो. ‘ट्रम्पचे मतदार लाजून खोटं सांगतात’ असं पुष्कळ बोललं गेलं. २०१६ नंतर तिथल्या जनमत संशोधकांच्या संघटनेनं पडताळणी केली तेव्हा त्याला फारसा आधार मिळाला नाही. बरेच मतदार अगदी शेवटी ठरले, आणि अनेक राज्यांच्या पोलमध्ये पदवीधर प्रमाणाबाहेर भरले होते नि ते प्रमाण दुरुस्त केलेलं नव्हतं, ही कारणं जास्त ठोस निघाली.

ही दुरुस्ती कशी करतात ते बघा, कारण पोलमधला निम्मा निर्णय तिथंच होतो. समजा हजार जणांत ५०० पदवीधर आणि ५०० बिगरपदवीधर बोलले. पदवीधरांत ‘अ’ला ५८ टक्के, बाकीच्यांत ४४. सरळ सरासरी काढली तर ‘अ’ ५१, ‘ब’ ४९. पण त्या राज्यात मतदारांपैकी पदवीधर ४० टक्केच असतील, तर त्यांचं वजन तेवढंच धरायचं. मग ‘अ’ होतो ४९.६ आणि ‘ब’ ५०.४. तीच माणसं, तीच उत्तरं, आणि पुढे असणारा बदलला.

हे काही कागदावरचं गणित नाही. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं फ्लोरिडातल्या ८६७ मतदारांची एकच कच्ची माहिती चार नामवंत सर्वेक्षकांना दिली आणि पाचवा हिशोब आपला केला. पाच उत्तरं आली: एका टोकाला क्लिंटन ४ टक्क्यांनी पुढे, दुसऱ्या टोकाला ट्रम्प १ टक्क्यानं पुढे. कुणीही लबाडी केली नव्हती. मतदानाला कोण येणार आणि कुणाचं वजन किती, याबद्दल प्रत्येकानं आपापली समजूत वापरली होती.

म्हणून पोल उघडल्यावर पद्धतीचा परिच्छेद शोधा. माणसं कशी निवडली, कोणकोणत्या गोष्टींची वजनं लावली, त्यात शिक्षण आहे का, मागच्या वेळी कुणाला मत दिलं हे धरलंय का? असा परिच्छेदच नसेल तर तो पोल ग्रुपवर पुढं पाठवू नका.

चार गोष्टी झटकन तपासा

तारीख बघा, पण प्रसिद्ध झाल्याची नको, लोकांना विचारल्याची. १९४८ साली गॅलपनं मतदानाच्या बरेच दिवस आधी विचारणं थांबवलं, ड्युई येणार म्हटलं, आणि आले ट्रुमन. पैसे कुणी दिले ते बघा. उमेदवाराच्या गटानं स्वतःहून बाहेर सोडलेला पोल बहुधा त्याच्या सोयीचा असतो, गैरसोयीचे कपाटातच राहतात. ‘नोंदणीकृत मतदार’ की ‘संभाव्य मतदार’ तेही बघा, कारण २०२० आणि २०२४ सारख्या गर्दीच्या वर्षांतही मतदानाचा हक्क असलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा मतदानाला गेलाच नाही. आणि अजून न ठरवलेले किती ते बघा. दोघांतल्या फरकापेक्षा कुंपणावरचे जास्त असतील, तर निकाल त्यांच्याच हातात आहे.

सरासरी घ्या, पण तिच्यावरही डोळे मिटून विसंबू नका

एका पोलपेक्षा दहा पोलची सरासरी नक्कीच बरी. रिअलक्लिअर पॉलिटिक्स, न्यूयॉर्क टाइम्स, नेट सिल्व्हर यांचं सिल्व्हर बुलेटिन, यांच्या पानांवर ती मिळते. फाइव्हथर्टीएट हे जुनं नावाजलेलं पान मार्च २०२५ मध्ये बंद झालं, तेव्हा त्याच्या नावानं नवा आकडा आला तर सावध व्हा.

सरासरीनं योगायोगाच्या चुका एकमेकींना खोडतात. सगळ्यांची मिळून एकाच बाजूला झालेली चूक मात्र तिच्यात तशीच उरते. २०१६ मध्ये विस्कॉन्सिनच्या सरासरीत क्लिंटन पाच-सहा टक्क्यांनी पुढे होत्या, ट्रम्प २३ हजारांच्या आत मतांनी जिंकले. २०२० मध्ये देशाच्या सरासरीत बायडेन आठच्या आसपास पुढे होते, जिंकले साडेचारनं. देशपातळीवर गेल्या ४० वर्षांत एवढी मोठी चूक झाली नव्हती. तरी नाव बरोबर आल्यामुळं फार कुणी ओरडलं नाही. २०१६ मध्ये देशाचा आकडा एखाद टक्क्यानंच चुकला होता, तरी पोल मेले म्हणून बोंब झाली. नाव बरोबर आलं की चुकलं, यावरून पोलची परीक्षा करू नका. फरक कितीनं चुकला ते मोजा.

२०२४ तर शिकायला फार चांगलं आहे. शेवटच्या सरासरीत हॅरिस देशात एखाद टक्क्यानं पुढे, सातही राज्यं जवळपास बरोबरीत. ट्रम्प देशात दीड टक्क्यानं जिंकले, सातही राज्यं घेतली, इलेक्टोरल मतं ३१२ विरुद्ध २२६. चूक अडीच टक्क्यांची, म्हणजे नेहमीच्या मापातलीच. पण ती सगळीकडं एकाच दिशेला झाली आणि सात राज्यं एकदम एका बाजूला गेली. सात राज्यांत पोल बरोबरीचे असतील तर चार-तीन अशी वाटणी होईल असं आपलं मन धरून बसतं. ही राज्यं एकमेकांशी बांधलेली आहेत. जो मतदार पोलवाल्यांना पेनसिल्व्हेनियात सापडत नाही, तोच मिशिगनमध्येही सापडत नाही.

चूक नेहमी एकाच पक्षाच्या बाजूनं होते असंही धरू नका. आपल्याकडं २०२४ च्या लोकसभेला बऱ्याच एक्झिट पोलनी एनडीएला ३५० च्या पुढं नेलं, मिळाल्या २९३. त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्र विधानसभेला महायुती एवढी मोठी झेप घेईल हे बहुतेकांनी धरलं नव्हतं, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहापैकी एकही जागा महाविकास आघाडीला राखता आली नाही. त्यामुळं ‘गेल्या वेळी अमक्याला कमी दाखवलं, म्हणून यंदा त्याच्या खात्यात आपणच तीन टक्के घालू’ हा घरगुती हिशोब करू नका. सर्वेक्षकही मागच्या चुकीवरून पद्धत बदलतात, कधी गरजेपेक्षा जास्त बदलतात.

धक्का देणारा पोल आला तर

तो फेकू नका आणि डोक्यावरही घेऊ नका. सरासरीत एक म्हणून टाका. आयोवा राज्यात सर्वेक्षक अॅन सेल्झर यांचं नाव फार मोठं होतं, आधी अनेकदा त्या एकट्या बरोबर ठरल्या होत्या. २०२४ मध्ये मतदानाच्या तीनच दिवस आधी त्यांचा पोल आला: हॅरिस ३ टक्क्यांनी पुढे. आपल्याकडच्या ग्रुपवरही तो पोचला. ट्रम्प आयोवात १३ टक्क्यांनी जिंकले.

तरीही असे पोल छापले जावेत असं मला मनापासून वाटतं. आकडा वेगळा आला म्हणून सर्वेक्षकानं तो लपवला किंवा इतरांच्या जवळ ओढला, तर सगळे पोल एकसारखे दिसायला लागतात. ठिकठिकाणी ‘४८-४८’, ‘४८-४७’ असंच दिसत असेल तर शंका घ्या. खऱ्या नमुन्यांत योगायोगानंही चढउतार दिसायलाच हवेत.

शक्यतेचा आकडा

२०१६ मध्ये फाइव्हथर्टीएटनं ट्रम्प यांना साधारण २९ टक्के शक्यता दिली होती. लोकांनी ती ‘येणार नाहीत’ अशी वाचली. दहा वेळांत जवळजवळ तीनदा घडणारी गोष्ट घडली, तर त्यात अंदाज चुकला असं काही नाही. शक्यता ४० ते ६० च्या मध्ये असेल तर तिचा अर्थ ‘माहीत नाही’ एवढाच घ्या. ५१ वरून ५४ झाली म्हणून पेढे मागवू नका.

बुधवारी सकाळी काय बघायचं

तिकडं मंगळवारी संध्याकाळी मतदान संपतं तेव्हा आपल्याकडं बुधवार उजाडतो. जॉर्जियाचं मतदान आपल्या पहाटे साडेपाचला संपेल, पेनसिल्व्हेनियाचं साडेसहाला, विस्कॉन्सिनचं साडेसातला, नेवाडाचं साडेआठच्या सुमाराला. एक्झिट पोलचे पहिले आकडे लगेच झळकतील. ते मतमोजणी पुढं सरकेल तसे दुरुस्त केले जातात, म्हणून त्यांवर वेळ घालवू नका.

पहिल्या तासांतली आघाडीही फसवी असते. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपालानं आलेली मतं मतदानाच्या दिवसाआधी उघडायला २०२४ पर्यंत परवानगी नव्हती, त्यामुळं ती उशिरा मोजली जात. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरुवातीला ट्रम्प काही लाखांनी पुढे दिसले आणि शेवटी बायडेन साधारण ८० हजारांनी जिंकले. त्या वर्षी निकाल स्पष्ट व्हायला आपल्याकडची शनिवारची रात्र उजाडली. २०२४ ला बुधवारी दुपारी चारच्या सुमारालाच झालं. २००० साली फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर सगळं अडकलं आणि डिसेंबर उजाडला.

पोल किती चुकले हे मोजायचं असेल तर आणखी काही आठवडे थांबा. कॅलिफोर्नियाची मोजणी फार सावकाश चालते. २०२४ च्या त्या बुधवारी ट्रम्प यांची देशातली आघाडी शेवटच्या दीड टक्क्याहून बरीच मोठी दिसत होती, आणि पोल साफ कोसळले असं त्याच दिवशी लिहून झालं. मतदानाआधी त्या सात राज्यांची शेवटची सरासरी एका कागदावर उतरवून ठेवा, आणि त्याशेजारचा निकालाचा रकाना राज्यांनी अधिकृत आकडे जाहीर केल्यावरच भरा.